चांगला ठेकेदार शोधून देणारी यादी कशी असावी?

प्रश्न : आमचं घर इचलकरंजीत जवाहरनगरला आहे. खाली वडिलांच्या काळातली मागांची शेड आणि वर राहती जागा. माग विकून झाले. आता शेडच्या जागी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काढायचं आहे. मोबाईलवर ठेकेदार शोधले तर नावं पुष्कळ सापडली, पण जवळजवळ सगळ्यांना साडेचार तारे. एके ठिकाणी चौकशीचा नमुना भरला, तर दिवसभर अनोळखी लोकांचे फोन येत राहिले, त्यातले निम्मे बाहेरगावचे. माझी मुलगी कॉम्प्युटर शिकते. ती म्हणते, आम्ही मैत्रिणी मिळून इचलकरंजीपुरती चांगली यादी करतो. अशी यादी खरंच उपयोगाची होऊ शकते का? आणि तिच्यात काय असावं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : होऊ शकते, आणि तुमच्या मुलीनं ती जरूर करावी. एका गावापुरती यादी करणं ही तिची मर्यादा नाही, उलट तेच तिचं बळ आहे. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकायला हवी. यादीतली नोंद ठेकेदाराची नसावी, झालेल्या कामाची असावी. एक पुरं झालेलं काम म्हणजे एक नोंद, आणि ते कुणी केलं त्याचं नाव त्या नोंदीखाली. आज मिळणाऱ्या बहुतेक याद्या याच्या उलट आहेत. तिथं आधी नाव, मग फोन नंबर, मग तारे, आणि प्रत्यक्ष काम मात्र कुठंच दिसत नाही.

ताऱ्यांचा दोष असा की ते फार लवकर दिले जातात. वास्तुशांतीच्या आठवड्यात घरमालक खूश असतो, रंग ताजा असतो, पाहुणे कौतुक करत असतात. बांधकामातल्या उणिवा त्या वेळी झोपलेल्या असतात. गच्चीची गळती जूनमध्ये कळते. भिंतीची ओल श्रावणात वर चढते. घाईनं केलेला गिलावा पुढच्या उन्हाळ्यात तडकतो, आणि फरशी पोकळ बसली असेल तर वर्षभरात पायाखाली वाजू लागते. तोवर तारे देऊन झालेले असतात आणि ते बदलायला कुणी परत येत नाही. शिवाय नवीन बांधकाम उत्तम करणारा माणूस जुनं घर दुरुस्त करण्यात तितकाच वाकबगार असेल असं नाही. ती दोन वेगळी कामं आहेत, आणि साडेचार ताऱ्यांत हा फरक दिसत नाही.

तुमच्याच कामाचं बघा. मागांच्या शेडमध्ये खोल्या काढणं हे इचलकरंजीतलं खास काम आहे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढं शंभर वर्षांत या गावात खाली माग, वर घर अशा इमारती गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. अशा शेडच्या कोब्यात वर्षानुवर्षं मागाचं तेल मुरलेलं असतं. वरून धुऊन, घासून तो कोरा दिसतो, पण त्यावर सिमेंटचा माल पसरून फरशी बसवली तर माल तेलकट थराला धरत नाही आणि फरशी सुटते. तेवढा कोबा खरवडून किंवा फोडून काढावा लागतो. माग जिथं बोल्टानं रोवले होते तिथली भोकं नीट भरावी लागतात. रात्रंदिवस बसलेल्या हादऱ्यांनी बीमच्या खालचं काँक्रीट सुटलं आहे का, आतली सळई गंजली आहे का, हे हातोडीनं ठोकून बघावं लागतं. वरची राहती जागा ज्या भिंतींवर उभी आहे त्यातली कुठली भार पेलते आणि कुठली नुसती आडोशाची आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सांगितल्याशिवाय एकही भिंत पाडू नये. यातलं काहीही नव्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याला रोज करावं लागत नाही. म्हणून तुम्हाला हवी असलेली माहिती एवढीच आहे : या गावात शेडचं घर कुणी केलंय, आणि ते आज कसं आहे?

कामाची नोंद ठेवायची ही कल्पना नवी नाही. आपल्याच राज्यात त्याचं मोठं उदाहरण आहे. स्थावर संपदा कायदा 2016 चा. त्याखाली महाराष्ट्रात महारेरा हे नियामक प्राधिकरण स्थापन झालं आणि 1 मे 2017 पासून प्रकल्पांची नोंदणी सुरू झाली. महारेराच्या संकेतस्थळाचा गाभा नीट पाहिला तर लक्षात येतं की तिथला क्रमांक बिल्डरला मिळत नाही, प्रकल्पाला मिळतो. ‘पी’ या अक्षरानं सुरू होणारा तो क्रमांक टाकला की त्या एका प्रकल्पाची जमीन, मंजूर नकाशे, बोजा, कोर्टातले दावे आणि काम पुरं करायची जाहीर केलेली तारीख समोर येते. दर तीन महिन्यांनी बिल्डरला प्रगती भरावी लागते. ज्यांनी ती भरली नाही अशा अनेक प्रकल्पांची नोंदणी महारेरानं स्थगित केली आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात बघता बघता मोबाईलवर पूर्ण नोंद उघडते. याद्या अशाच सुधारतात. नावं वाढवून काही होत नाही. प्रत्येक नोंदीच्या मागं तारीख, कागद आणि जबाबदार माणूस उभा करावा लागतो.

तुमच्या ओळखीचं कुणी इचलकरंजीत फ्लॅट घेत असेल तर त्यांना महारेरावर कोल्हापूर जिल्हा, हातकणंगले तालुका असं शोधायला सांगा. विक्रीचा नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर आणि जमिनीवर खर्च करावा लागतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. ही तरतूद तर पाठच असावी.

पण तुमच्या शेडला यातलं काहीच लागू नाही. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि विक्री नसलेली दुरुस्ती किंवा नूतनीकरण तर कायद्यानं सरळ वगळलं आहे. आपल्याकडं गावोगावी जी घरं बांधली जातात, वाढवली जातात, दुरुस्त होतात, त्यांतली बहुतेक या चौकटीबाहेरची. माणूस आयुष्यभराची पुंजी ज्या कामात घालतो त्याची कुठं नोंदच होत नाही. तुमच्या मुलीची यादी या मोकळ्या जागेत उभी राहणार आहे. म्हणून मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला.

आता एक नोंद कशी असावी ते सांगतो. समजा, गावभागातलं एक घर आहे. पंचगंगेचं पाणी 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यात शिरलं होतं. नोंदीत घरमालकाचं नाव किंवा घर नंबर नको, गल्लीपर्यंतचा पत्ता पुरे. पाणी किती चढलं होतं ते लिहावं : उंबऱ्यापर्यंत, खिडकीच्या तळापर्यंत की लिंटेलपर्यंत. भिंत कशाची होती, पांढऱ्या मातीची, भाजक्या विटेची की दगडाची? गिलावा किती उंचीपर्यंत काढला, आणि भिंत वाळायला किती दिवस ठेवली? हे शेवटचं फार मोलाचं आहे, कारण ओल्या भिंतीवर घाईनं गिलावा आणि रंग चढवला की वर्षभरात लोणा फुटतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो. मग काम कधी सुरू झालं, कधी संपवायचं ठरलं होतं आणि कधी संपलं. सोबत तीन फोटो हवेत. एक कामाआधीचा आणि एक संपल्यावरचा. तिसरा, सगळ्यांत कामाचा, एक पूर्ण पावसाळा गेल्यानंतर त्याच कोपऱ्याचा. तो तिसरा फोटो आल्याशिवाय नोंद पक्की धरू नये. तोवर तिच्यावर ‘पावसाळा बाकी’ असं लिहून ठेवावं. एवढी एक शिस्त पाळली तरी तुमच्या मुलीची यादी बाजारातल्या मोठमोठ्या याद्यांच्या पुढं जाईल.

2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर आपण पाहिले आहेत. नदीकाठच्या घराच्या नोंदीला आणखी एक रकाना हवा : घर निळ्या पूररेषेच्या आत आहे का, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे का, की बाहेर? निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची धरतात, आणि बांधकामावरचे निर्बंध त्यावर ठरतात. परवानगी मिळणारच नाही अशा ठिकाणी ‘करून देतो’ म्हणणारे लोकही असतात. यादीत हा रकाना असेल तर निदान वाचणाऱ्याच्या डोळ्यांत अंजन पडेल.

दराचा रकाना जपून करा. ‘चौरस फुटाला अमुक रुपये’ एवढंच लिहिलं तर ते फसवं असतं. दर लेबरचा की मटेरियलसह? चौरस फूट मोजताना छज्जा, जिना, गच्चीचा कठडा धरला का? पाण्याची टाकी आणि शोषखड्डा त्यात की वेगळा? वाळू, वीट, सळई कुणी आणायची? खिडक्यांच्या ग्रिलपासून नळाच्या तोट्यांपर्यंत कुणाचा खर्च? ठेकेदार आणि घरमालक यांच्यातली अर्धी भांडणं इथंच उभी राहतात, कारण बोलणी तोंडी झालेली असतात आणि दोघांच्या मनातला चौरस फूट वेगवेगळा असतो. म्हणून नोंदीत आकड्याच्या शेजारी ‘यात काय धरलं’ हे एका ओळीत यायला हवं. उक्तं काम असेल तर ठरलेली एकूण रक्कम आणि शेवटी झालेली रक्कम, दोन्ही. फरक पडला असेल तर कशामुळं तेही. सळईचा भाव वाढला आणि ठेकेदारानं त्या दिवशीच येऊन सांगितलं, याला मी चांगलं काम म्हणेन. न सांगता शेवटच्या बिलात टाकलं, तर ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

खोट्या अभिप्रायांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण तुमच्या मुलीनं ते वाचावं. अभिप्राय देणारा खरा आहे याची खातरजमा, पैसे देऊन मिळवलेले किंवा विक्रेत्याच्याच माणसांनी लिहिलेले अभिप्राय छापायचे नाहीत, आलेल्या अभिप्रायाचा मजकूर यादीवाल्यानं बदलायचा नाही, असा त्याचा रोख आहे. मोठ्या कंपन्यांना हे जड जातं कारण त्यांना लाखो अभिप्राय तपासायचे असतात. तुम्हाला तर सायकलवरून जाऊन घर बघता येतं. शहापूर, कबनूर, विक्रमनगर इथपर्यंत सगळं अर्ध्या तासाच्या आत. ज्याचं घर त्याच्या तोंडून ऐकायचं, भिंतीला हात लावायचा, फोटो स्वतः काढायचा.

ठेकेदाराच्या नावाखाली तपासता येण्याजोग्या दोन-तीन गोष्टी द्याव्यात. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर नाव आणि नोंदणी चालू आहे का ते कुणालाही बघता येतं. मात्र सेवांसाठी वर्षाला वीस लाखांखालच्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून ती नाही एवढ्यावरून एखाद्या गवंड्याला कमी लेखू नका. आर्किटेक्ट असेल तर त्यांची नोंद 1972 च्या कायद्याखालच्या वास्तुविशारद परिषदेकडं असते आणि तीही ऑनलाइन बघता येते. इचलकरंजीची नगरपालिका 1893 ची, 2022 मध्ये ती महापालिका झाली. बांधकाम परवानगीसाठी नकाशे ज्या परवानाधारक इंजिनिअरकडून जातात त्यांची माहिती महापालिकेच्या नगररचना विभागात विचारावी. तुमच्या बाबतीत वापर बदलतो आहे, तेव्हा परवानगी, घरफाळा आणि महावितरणकडची यंत्रमागाची वीजजोडणी घरगुती करून घेणं, ही तिन्ही कामं कुठला इंजिनिअर नीट करून देतो, हेही नोंदीत आलं तर पुढच्याचे हेलपाटे वाचतील.

आता पैशाचं बोलू, कारण चांगल्या याद्या इथंच बिघडतात. 1998 च्या जानेवारीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेल्सी गावाला टॉर्नेडोनं झोडपलं. छपरं उडाली, आणि दुरुस्तीच्या नावाखाली भुरटे ठेकेदार गावात शिरले. ते बघून केव्हिन बर्न नावाच्या गृहस्थांनी तपासलेल्या कारागिरांची यादी सुरू केली. तीच पुढं चेकाट्रेड म्हणून देशभर पसरली. आपल्या पुरानंतरची परिस्थिती काही वेगळी नव्हती. अमेरिकेत 1995 मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात अँजी हिक्स यांनी दारोदार फिरून अशाच यादीसाठी सभासद गोळा केले. सभासद वर्गणी भरायचे आणि आपल्या नावानिशी अभिप्राय द्यायचे. यादी वाचणारा पैसे देत होता, म्हणून यादी वाचणाऱ्याच्या बाजूची होती. 2016 मध्ये अभिप्राय सर्वांना मोफत झाले, 2017 मध्ये कंपनी होमअॅडव्हायझरमध्ये मिळाली. होमअॅडव्हायझरचा धंदा उलट दिशेचा होता. घरमालकाची चौकशी ठेकेदारांना विकायची आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे. त्या चौकशांच्या दर्जाबद्दल कारागिरांची दिशाभूल केल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2022 मध्ये ठेवला, आणि 2023 मध्ये 72 लाख डॉलरपर्यंतच्या भरपाईवर प्रकरण मिटलं. लक्षात घ्या, तिथं तक्रार कारागिरांची होती. चौकशा विकणाऱ्या धंद्यात घरमालक हैराण होतो आणि गवंडीही नाडला जातो. तुम्हाला दिवसभर आलेल्या फोनांचं मूळ या प्रकारच्या व्यवहारात असतं.

म्हणून मुलीला सांगा, चौकशी विकायची नाही. वर नाव दाखवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. क्रम कामाच्या प्रकारानं आणि तारखेनं लावायचा. माणूस शोधतो तोही तसाच : गच्ची गळते, भिंतीला ओल येते, जिना बाहेर काढायचा आहे, शेडचं घर करायचं आहे. याच नावांनी विभाग करावेत. जागेचा आणि फोटो साठवण्याचा खर्च सुरुवातीला फारसा नसतो. पुढं वाढला तर वाचणाऱ्यांकडून लहान वर्गणी घ्यावी आणि हिशोब यादीतच मांडावा. तुमच्या गावातलं आपटे वाचन मंदिर दीडशे वर्षांचं आहे. वर्गणी भरून संस्था चालवणं या गावाला शिकवावं लागत नाही.

आणखी एक विनंती. नोंदीत ठेकेदाराबरोबर प्रत्यक्ष हात चालवणाऱ्यांनाही जागा द्या. गवंडी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, प्लंबर. यांतले कितीतरी जण राज्याच्या सीमेपलीकडून कामाला येतात, त्यांचं संकेतस्थळ नसतं, दुकानाची पाटी नसते, आणि त्यांनी बसवलेल्या फरशीचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. त्यांची संमती घेऊन नाव लिहा, नंबर द्यायचा की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी करायला कामगाराला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जो ठेकेदार आपल्या माणसांना तो दाखला विनासायास देतो, त्याची तशी नोंद जरूर करावी. माझा अनुभव असा की जो आपल्या बिगाऱ्याची काळजी घेतो तो घरमालकाच्या स्लॅबवर पाणी मारायलाही विसरत नाही.

ठेकेदाराची बाजू मांडायला प्रत्येक नोंदीखाली जागा ठेवा. नोंद छापण्याआधी त्याला दाखवा, त्याचं म्हणणं त्याच आकाराच्या अक्षरात शेजारी द्या. ‘फसवलं’, ‘चोर’ असले शब्द कुणाचेच घेऊ नका. काय ठरलं, काय झालं, किती तारखेला, एवढंच. अशा नेमक्या नोंदीचा पुढं उपयोगही होतो. घरबांधणी ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा मानली आहे, तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडं करता येते, ऑनलाइनही करता येते, आणि तिथं पावत्या, फोटो, तारखा यांनाच वजन असतं.

सुरुवात लहान ठेवा. एका प्रभागातली, दोन-तीन प्रकारचीच कामं घ्या. दर दिवाळीनंतर, पावसाळा सरला की, प्रत्येक नोंदीच्या घरमालकाला एक फोन करायचा : गळलं का, तडकलं का, ठेकेदार बोलावल्यावर आला का? उत्तर तारखेसह नोंदीत घालायचं. ज्या नोंदीला दोन वर्षं कुणी उत्तर देणारं उरलं नाही, ती काढून टाकायची.